सात वर्षांची मोजणी

ज्या माणसाच्या सहीवर सर्वांचा विश्वास असतो, त्याची चूक शोधायला कोणी येत नाही. ती त्याची त्यालाच सापडते, आणि सापडल्यावर ती उघड करायची की नाही, हा निर्णयही त्याला एकट्यालाच घ्यावा लागतो. आमच्या विभागाचे कार्यालय सांभाळणाऱ्या वर्ना लुओमा यांच्यावर हा प्रसंग निवृत्तीच्या सहा आठवडे आधी, एप्रिलमधल्या एका बुधवारी सकाळी आला.

अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या काठी असलेल्या आमच्या विद्यापीठात स्थापत्य व पर्यावरण अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी हवी असेल, तर तीस श्रेयांक लागतात. त्यांतले सहा प्रबंधाचे. प्रबंधावर तीन परीक्षकांच्या सह्या हव्यात, आणि सारे काही सात वर्षांच्या आत पूर्ण व्हावे लागते. हे नियम पुस्तिकेत छापलेले आहेत. पण पुस्तिका कोणी उघडत नसे. प्राध्यापकसुद्धा वर्नाबाईंच्या खोलीत डोकावून विचारत. एकतीस वर्षे त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याचा विषय आणि श्रेयांकांचा तक्ता पेन्सिलीने, ओळीओळीने तपासला होता. तळाशी त्यांची आद्याक्षरे दिसली की पदवी कार्यालय पुढे काही पाहत नसे.

त्या बुधवारी त्यांच्यासमोर डॅरिल हिल्टुनेनचा तक्ता होता. डॅरिल एकोणपन्नास वर्षांचा. गावच्या पाणीपुरवठा केंद्रात पाळीवर काम करणारा. नोकरी सांभाळून एका सत्रात एक विषय, असे करत तो इथवर आला होता. प्रबंध मान्य झाला होता, तिन्ही सह्या आल्या होत्या. उरली होती ती केवळ वर्नाबाईंची खूण.

पहिल्याच ओळीवर त्यांची पेन्सिल थांबली. भूजलशास्त्र हा विषय डॅरिलने प्रवेश घेण्यापूर्वी, नुसता करून पाहावा म्हणून घेतला होता. सात वर्षे मोजायची ती त्या सर्वांत जुन्या विषयापासून. वर्नाबाईंनी मात्र ती प्रवेशाच्या तारखेपासून मोजली होती. तो विषय आता सात वर्षे चार महिन्यांचा झाला होता. तीन श्रेयांक बाद, उरले सत्तावीस.

आणि त्यांना दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट आठवली. डॅरिलच्या पत्नीची, कार्लाची, हृदयाची शस्त्रक्रिया होती. "एक सत्र सोडलं तर चालेल का?" असे त्याने विचारले होते, आणि त्या म्हणाल्या होत्या, "खुशाल सोड. वेळ भरपूर आहे."

त्यांनी फोन केला. दहा वाजता डॅरिल चिखलाच्या बुटांनिशी दारात उभा राहिला.

"काय बाई, माझ्या पोटाला पुरेल असा पदवीदानाचा झगा मिळेना की काय? कार्लाने तर केकसुद्धा सांगून ठेवलाय. त्यावर पाण्याच्या टाकीचं चित्र काढून घेणार म्हणे."

"दार लाव आणि बस."

"म्हणजे टाकी गळतेय."

"डॅरिल, ऐक. चूक माझी आहे, तुझी नाही." वर्नाबाईंनी तक्ता त्याच्याकडे वळवला आणि सारे सांगितले.

डॅरिलने त्या ओळीवर बोट ठेवले. "तुम्ही सोड म्हणालात, म्हणून मी ते सत्र सोडलं."

"हो."

"हे आणखी कुणाला माहितीय?"

"नाही. मी खाली खूण केली की कुणाला कळणारही नाही."

"मग करा की हो! कुणाचं काय बिघडणार आहे?"

"तू केंद्रात क्लोरीन न मोजता आकडा लिहितोस का?"

"भलतंच! कधीच नाही."

"मग मला कसं सांगतोस?"

डॅरिलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. राग आला होता, पण या बाईंवर तो कसा काढावा हे त्याला सुचेना.

"एक वाट आहे," वर्नाबाई म्हणाल्या. "हल्ली तो विषय जे शिकवतात, त्यांनी तोंडी परीक्षा घेऊन तुला तो अजून येतो असं लिहून दिलं, तर जुने क्रेडिट चालतात. पदवीची यादी शुक्रवारी पाचला बंद होते."

"दोन दिवसांत भूजल? बाई, त्यातलं मला आता फक्त जल आठवतंय."

"मग घरी जा आणि भू शोध. मी वर जाऊन येते."

वरच्या मजल्यावर बसत डॉ. बोशां; भूजलशास्त्र हल्ली त्याच शिकवत. क्युबेकहून नुकत्याच आलेल्या, तरुण, कडक. त्यांनी सारे ऐकून घेतले. "परीक्षा घेईन. पण सूट देणार नाही."

"सूट मागायला आलेच नाहीये मी."

परीक्षेच्या अर्जावर विलंबाच्या कारणाची एक ओळ होती. "कार्यालयीन अडचण, एवढंच लिहा," डॉ. बोशां म्हणाल्या. वर्नाबाईंनी लिहिले : मुदत मी चुकीची मोजली. वर्ना लुओमा.

"अहो, असं लिहिलंत तर ते तुमचे सगळे तक्ते पुन्हा तपासायला घेतील. जायच्या वेळी कशाला हे?"

"घेऊ देत. आणखी कुणी माझ्या मोजणीत अडकलं असेल, तर मी इथं असतानाच कळायला हवं."

शुक्रवारी दुपारी परीक्षा झाली. विभागाचे कोणीतरी साक्षीला लागते, म्हणून वर्नाबाई कोपऱ्यात बसल्या. पहिले दोन प्रश्न डॅरिलने घाम पुसत पार केले. तिसरा प्रश्न सरोवराकाठच्या विहिरीचा होता : सतत उपसा केला तर तिची पातळी किती उतरेल? डॅरिलने समीकरण मांडले, पुसले, पुन्हा मांडले. उत्तर येई ते असे, की पातळी उतरतच राहते.

"हे खोटं आहे," तो अखेर म्हणाला.

"का?"

"गावची चार नंबरची विहीर अशी वागत नाही. रात्रंदिवस पंप चालू ठेवा. जराशी खाली जाते आणि थांबते. सरोवर तिला पाणी देत राहतं ना!"

"तेच फळ्यावर दाखवा."

डॅरिल फळ्यावरच्या किनाऱ्याच्या रेषेकडे पाहत उभा राहिला. वर्नाबाईंना त्यातले काही कळत नव्हते. त्या केवळ त्याच्या पाठीकडे पाहत होत्या. मग त्याने रेषेच्या पलीकडे, पाण्यात, तेवढ्याच अंतरावर दुसरी विहीर काढली. "ही खरी नाही. मानायची. इकडून जितकं उपसतो, तितकंच हिच्यात सोडायचं. दोन्हींची बेरीज केली की पातळी थांबते."

डॉ. बोशां प्रथमच हसल्या. "गॅलन खोडा. घनमीटरमध्ये लिहा."

"सवय हो, मॅडम."

"विहीर मात्र बरोबर आहे." आणि त्यांनी सही केली. साडेचार वाजता वर्नाबाईंनी तो कागद पदवी कार्यालयात स्वतः नेऊन दिला, आणि डॅरिलचे नाव यादीत चढले.

सोमवारी पदवी कार्यालयाचे पत्र आले. वर्नाबाईंच्या प्रत्येक तक्त्यावर यापुढे दुसऱ्याचीही खूण लागेल, असे त्यात होते. जुने चाळीस तक्ते पुन्हा तपासले गेले. दुसरी चूक निघाली नाही, तरी आदेश मागे घेतला गेला नाही. उरलेले पाच आठवडे त्या रोज दुपारी तक्ते घेऊन खालच्या मजल्यावर जात आणि त्यांच्या निम्म्या वयाच्या लिपिकाच्या टेबलासमोर, तो बोट फिरवत ओळी मोजत असे तोवर, हात बांधून शांत उभ्या राहत. त्याने "बसा ना" म्हटले की म्हणत, "तू सावकाश मोज."

ज्याने उशिरा का होईना, विद्या मिळवली त्याला ती फळो. जिने न झुकता परीक्षा घेतली तिचे विद्यार्थी तिच्याहून मोठे होवोत. आणि जिने आपली चूक आपल्या हाताने लिहिली, तिचे पुढचे दिवस निवांत जावोत.