लताबाईंवर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. नाशिक रोडच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझी बिजागरी कुरकुरते, दोन बटणांवरची अक्षरे पुसून गेली आहेत. पण आज मी दुखणी सांगायला बसलेलो नाही. चूक माझ्याकडून झाली आणि शिक्षा दुसऱ्याच माणसाला मिळाली, ते सांगायचे आहे.

नऊ वर्षांपूर्वी देवव्रतदादांनी मला विकत घेतले. ते सातपूरच्या एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढतात. "हा कधी दगा देत नाही," असे ते सांगत, तेव्हा मला फार बरे वाटे.

एका मंगळवारी दादा कामावर गेले, पण मी घरीच होतो. त्यांच्या पत्नी वल्लरीताई यांची शाळेतल्या नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. अपूर्णांक कसे शिकवणार, हे दाखवणारा धडा त्यांनी आठ दिवस खपून माझ्यात तयार केला होता. अकराला दहा मिनिटे असताना त्यांनी मला उघडले, तर नेट लागेना. त्यांनी राउटर बंद करून चालू केला. मलाही बंद करून चालू केले. काही उपयोग झाला नाही.

घरकामाला येणाऱ्या लताबाईंनी नुकतेच राउटरचे कपाट पुसले होते.

"लताबाई, राउटरला हात लावलात का?"

"वरून फडकं मारलं फक्त, ताई. वायरीला नाही हात लावला."

"मग काय आपोआप बिघडला?"

लताबाई बादली उचलून आत गेल्या. घाईत मोबाईलचे वायफाय न तपासताच ताईंनी त्याच्या डेटावर मुलाखत दिली, पण धडा दाखवता आला नाही. दोन दिवसांनी नकार आला.

खरे कारण माझ्या पुढच्या कडेला होते. तिथे वायफायचे एक छोटे सरकते बटण आहे. आदल्या संध्याकाळी दादांनी मला घाईने बॅगेत कोंबले, तेव्हा ते बंद झाले होते. मी पडद्यावर फक्त 'नेटवर्क सापडत नाही' एवढेच लिहीत राहिलो. बटणाचे नाव काही घेतले नाही.

त्याच मंगळवारी संध्याकाळी दादांनी पाहिले, की त्यांचा मोबाईल राउटरला लगेच जोडला जातो. म्हणजे दोष माझ्यातच. त्यांनी माझी कड चाचपली, नखाने बटण सरकवले आणि माझा दिवा लागला.

"काय झालं होतं?" आतून ताईंनी विचारले.

"राउटर गरम झाला असेल," दादा म्हणाले.

आणि मी निमूटपणे नेटला जोडला गेलो. त्यांचे खोटे खरे वाटावे, असाच वागलो.

दुसऱ्या दिवसापासून लताबाईंना हॉल पुसायला मनाई झाली. चहा विचारला तर "घरून पिऊन आले" म्हणत आणि काम उरकून निघून जात. असे दहा दिवस गेले. मग ताई फोनवर मैत्रिणीला म्हणाल्या, "दुसरी बाई असेल तर बघ." दादांनी ते ऐकले. त्या रात्री त्यांना जेवण गेले नाही.

सकाळी ते कामावर न जाता लताबाई येईपर्यंत थांबले.

"लताबाई, राउटर बिघडलाच नव्हता. लॅपटॉपचं बटण माझ्याकडून बंद झालं होतं. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."

"माझं चुकलं, लताबाई," ताई म्हणाल्या.

लताबाईंनी हातातले फडके बादलीच्या कडेवर ठेवले.

"त्याच संध्याकाळी सांगायचं होतं ना, दादा. इतके दिवस मला वाटत होतं, ताईंची नोकरी माझ्यामुळेच गेली."

दादांनी मान खाली घातली. मला तर तेवढेही करता येत नाही.

मित्रांनो, मी अडलो तर आधी मला तपासा. माझ्या कडा बघा, बटणे बघा. माणसावर संशय घेण्याची घाई करू नका. आणि खरे कारण सापडले, तर ते त्याच दिवशी बोलून टाका. तुम्हाला बोलता येते.