मांडवाखालची टाकी

गावाच्या कचरा डेपोच्या पायथ्याशी प्रतिक्षाने सिमेंटची उथळ टाकी बांधली होती, आंघोळीच्या टबाएवढी. ढिगातून झिरपलेलं काळं पाणी तिच्यात घ्यायचं, ॲसिडने आंबट करायचं, मग हिराकस आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. पुढचं काम उन्हाचं. ऊन त्या हिराकसातल्या लोखंडाला पुन्हा पुन्हा कामाला जुंपतं आणि घाण पाण्यातल्या पाण्यात जळते. दिवा नको, वीज नको. उन्हाला मीटर बसवायचं अजून कोणाला सुचलेलं नाही.

आज दुपारी भंडाऱ्याहून साहेब बघायला येणार होते. पाणी निवळलं तर मोठी टाकी मंजूर. नाही निवळलं तर काळं पाणी नालीतून थेट बोडीत, म्हणजे शेताला पाणी देणाऱ्या तळ्यात, आणि बोडीतून धुरपता आत्याच्या धानात.

टाकी सुरू करून प्रतिक्षा चुना आणायला गावात गेली. परत आली तर टाकीवर मांडव. झालरीसकट.

"चिंधूभाऊ, हे काय करून ठेवलं?"

"साहेब येऊन राहिले ना," कोंढा गावचा मांडववाला चिंधू अभिमानाने म्हणाला. "त्यायले का उनात बसवाचं?"

"माह्या पाण्याले ऊन पाहिजे!"

"पाण्याले कायले ऊन? ते का पापड हाय?"

प्रतिक्षाने टाकीत डोकावून पाहिलं. पाणी सकाळइतकंच काळं. तिने टाकीला एक फेरी मारली. मग दुसरी. फेऱ्यांनी रसायनाला फरक पडत नाही, हे तिला शिकवलं होतं.

"सोडा मांडव."

"कार्यक्रमाआधी बांधला मांडव सोडत नाही, बाई. इतके लगन लावले मी, एकही मोडलं नाही."

सरपंच यादोराव आले, त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. "साहेबाले ऊन लागलं त मंजुरी नाही. पाण्याले नाही लागलं तरी नाही," ते म्हणाले आणि विचार करायला खुर्चीत बसले. सावलीत.

शेवटी प्रतिक्षाने चिंधूला मधला एक पट्टा सोडायला लावला. मांडव सोडला नाही, फक्त हवेशीर केला, असं ठरलं. उन्हाचा चौकोन बरोबर टाकीवर पडला. पाणी फसफसलं, तपकिरी होऊ लागलं. प्रतिक्षाचा श्वास सुटतोय तोच चौकोन टाकीवरून घसरून यादोरावांच्या मांडीवर गेला. सूर्य थांबायला तयार नव्हता.

"उचला!" ती ओरडली.

चार खांबांना चार माणसं लागली. ऊन सरकलं की मांडव सरके, मांडव सरकला की मागून खुर्च्या. साहेब गाडीतून उतरले तेव्हा अख्खा मांडव त्यांच्याकडे चालत येत होता.

"हे काय?"

"स्वागत," यादोराव म्हणाले.

साहेबही सावलीत शिरले. खुर्ची मिळाली, ती ते इतरांसारखीच अधूनमधून उचलून पुढे ठेवत राहिले. ऊन कलायच्या आत पाणी फिक्या चहासारखं झालं. प्रतिक्षाने चुना घातला, गाळ खाली बसू दिला आणि वरचं पाणी ग्लासात काढलं. साहेबांनी लांबून वास घेतला, मग जवळून.

"मोठी टाकी मंजूर. नाली आजच बुजवा."

यादोरावांनी तिथेच माणसं लावली. मातीच्या चार पाट्यांत नाली बंद झाली. बोडीकडे आता थेंब जाणार नव्हता. टाळ्या वाजल्या.

प्रतिक्षानेही वाजवल्या. मग तिने डेपोकडे पाहिलं. ढीग झिरपतच होता. मोठी टाकी कागदावर, आणि उद्याचं सगळं काळं पाणी तिच्या या टबात येणार होतं.

"चिंधूभाऊ," ती म्हणाली, "घरी पाण्याचे ड्रम किती हायेत?"