किटली चुकली!

मी किटली बोलतेय, आणि दोष कुणाचा ते आधीच सांगून टाकते: चित्रकलेच्या सरांचा. "मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये," असं माझ्या शेजारची फुलदाणी म्हणायची. ती काचेची. तिला फुटायची भीती. मी पत्र्याची, पोचे खाऊनच शहाणी झाले.

दुकानात होते तेव्हा वाटायचं, आयुष्यभर पाणी उकळायचं, वाफ सोडायची, लोकांच्या गप्पा ऐकायच्या. पण सरांनी मला विकत घेतलं आणि वर्गातल्या टेबलावर नेऊन बसवलं. "हलायचं नाही," म्हणाले. किटलीला!

तरुणपणी त्यांनी माझं एक चित्र काढलं. छान होतं, खोटं कशाला बोलू? त्याला बक्षीस मिळालं, ते भिंतीवर चढलं, आणि सर जे त्या चित्रात शिरले ते बाहेर आलेच नाहीत. पुढे पाहुणे येणार म्हणून मला पुसताना भर वर्गात त्यांनीच मला पाडलं. तोटी अर्धी तुटली. "काही झालेलं नाही," सर म्हणाले. मोठी माणसं पाडतात, आणि काही झालं की नाही हेही तीच ठरवतात.

त्यानंतर वर्गात नुसती मजा. मुलं माझ्यासमोर बसायची, माना वर करून भिंतीकडे बघायची आणि अख्खी तोटी काढायची. सर चित्रं तपासायचे तेही माझ्याकडे पाठ करून.

मग ती आली. कॉलेज अर्धवट सोडलेली, नखांत कायम रंग. सरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, दीडशहाणी. या वर्गाचं प्रमाणपत्र आणलंस तरच पुढे चित्रकला शिकू देईन, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. शेवटच्या परीक्षेत तिने मला काढलं. पोच्यांसकट, तुटक्या तोटीसकट. मी स्वतःला पहिल्यांदाच बघितलं. काय दिसत होते मी! भांडण जिंकून आलेल्या बाईसारखी.

"तोटी अपुरी आहे," सर म्हणाले.

"किटलीचीच आहे, सर."

"भिंतीवर बघ."

"भिंतीवर काय बघू? किटली इथे आहे."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सर लालबुंद झाले. "मग किटली चुकली!"

अख्खा वर्ग खिदळला.

"तोटी पूर्ण कर. आत्ता प्रमाणपत्रावर सही करतो."

तिने पेन्सिल कानामागे खोचली. "पाडलीत तुम्ही, सर. मी कशी जोडू?"

"एवढा पुळका आहे तर घेऊन जा तिला! दोघींचंही तोंड नको दिसायला."

तिने खरंच उचललं मला.

आता मी तिच्या घरी शेगडीवर असते. अर्धीच भरावी लागते, ओतताना थोडं सांडते. तिचे वडील रोज करवादतात, "प्रमाणपत्र आण म्हटलं, तर हे मोडकं भांडं आणलं!" आणि रोज माझ्यातलाच चहा वर मागून पितात. तेवढ्यात ती समोर बसून त्यांचं चित्र काढते. टकलासकट. ते पोट आत घेतात. ती सुटलेलंच काढते.

परवा वर्गातली मैत्रीण सांगत होती, टेबलावर माझी जागा अजून रिकामीच आहे. मुलं त्या रिकाम्या जागेसमोर बसून किटली काढतात, आणि सर मान डोलावतात, "हं, आता कशी हुबेहूब जमली!"

हसून हसून माझं झाकण उडालं.

तुमच्याही घरात असेलच कुणीतरी पोचा आलेलं. भिंतीकडे बघून त्याला नावं ठेवू नका. एकदा त्याच्याकडेच बघा.

तिचं प्रमाणपत्र गेलं. माझं बूड काळं झालं.