पायात पाणी

न्हाणीघराची कडी सरळ लावली तर लागत नाही. दाराला खालून पायाने रेटा द्यायचा, मग लागते. नवख्या माणसाला जमत नाही.

भरीव भिंत वाजवली की ‘टक’ म्हणते. पोकळ भिंत ‘टप्प’ म्हणते आणि मग जराशी झरते.

बस गल्लीच्या तोंडाशी थांबते. आत शिरत नाही.

हृदयाची झडप म्हणजे दारच समजा, असं मोठे डॉक्टर म्हणाले होते. दार नीट मिटत नाही, म्हणून पुढे गेलेलं रक्त मागे फिरतं.

शेजारच्यांनी त्यांच्या घराला रंग दिला आणि हे घर एका रात्रीत म्हातारं झालं.

लेक काम करते त्या पडद्यांच्या दुकानात एक नियम आहे. गिऱ्हाइकाची खिडकी कितीही दळभद्री असो, माप घेताना तोंड वाकडं करायचं नाही.

“तपासायला माणूस येणार आहे.” लेक एवढंच म्हणाली होती. काय तपासायला, ते आईने विचारलं नाही आणि लेकीने सांगितलं नाही.

सगळा घोळ या वाक्यात झाला. पूर्ण वाक्य असं होतं: बँकेचा माणूस घर तपासायला येणार आहे, कारण घर गहाण ठेवून तुझ्या हृदयाची शस्त्रक्रिया करायची आहे. पण हे आईसमोर बोलायची सोय नव्हती. घर आईच्या नावावर. मागे एकदा कर्जाचा विषय निघाला, तेव्हा आईने ताट बाजूला सारलं होतं. “माझ्या दुखण्यापायी घर गहाण पडणार असेल तर मी आधीच डोळे मिटते. तेवढाच खर्च वाचेल.” आणि पुढे बरेच दिवस ती सकाळच्या गोळ्या उशीच्या अभ्र्यात कोंबत होती. तेव्हा लेकीने ठरवलं, आधी बँक काय म्हणते ते कळू दे, आईशी मग भांडू. वाक्याचा अर्धा भाग तिने गिळला आणि दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली.

माणूस आला. सडपातळ, खांद्याला झोळी, हातात लाकडी मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर. मुठीने तो प्रत्येक भिंत वाजवायचा, कान लावायचा, आणि नाडी सापडल्यासारखा थांबायचा. लेकीने मनातल्या मनात त्याचं नाव टकटक्या ठेवलं.

पुढच्या खोलीत टक, टक, टप्प. स्वयंपाकघरात टप्प, टप्प. लेक प्रत्येक ‘टप्प’ मोजत होती. या घराबद्दल आजवर कुणी इतका वेळ विचार केला नव्हता. येणारे जाणारे म्हणायचे, “जुनं आहे पण ऐसपैस आहे हो,” आणि ऐसपैस नव्हतं.

मग आईची खोली.

आई पलंगाच्या कडेला बसली होती. केस विंचरलेले, अंगावर ठेवणीतली शाल आणि एक बाही कोपरापर्यंत वर सारलेली.

“या साहेब. हात देऊ का?”

टकटक्या कपाट भिंतीपासून सरकवत होता. “नको नको आजी, तुम्ही बसून राहा. मी बघतो सगळं.”

आई बसून राहिली. त्याने छताकडे मान वर केली. स्लॅबची एक सळई गंजून उघडी पडली होती. तिच्याकडेच बघत त्याने विचारलं, “वय किती?”

“पंच्याहत्तरावं लागलं.”

“काय सांगता! वाटत नाही तेवढं.”

आई चक्क लाजली. “वाटत नाही खरं. सगळे तेच म्हणतात.”

“पायाला काही त्रास?”

“पायालाच तर आहे हो. पाणी साठतं.”

“पायात पाणी,” तो पुटपुटला. “कधीपासून?”

“गेल्या थंडीपासून. आधी एवढं एवढं असायचं. आता घोट्याच्या वर येतं.”

“बाप रे. घोट्याच्या वर?”

“संध्याकाळी तर बघवत नाही.”

दारात उभ्या असलेल्या लेकीला हसू आलं. आई याला डॉक्टर समजून बसली होती. बरंच झालं की, लेकीला वाटलं. डॉक्टर घरी येऊन गेला या समाधानात आईचा आजचा दिवस निघेल. कर्ज म्हटलं, बँक म्हटलं की पुन्हा ताट बाजूला.

बाहेर ओट्यावर आल्यावर ती हळूच म्हणाली, “पंच्याहत्तर आईचं वय आहे. घर चाळिशीचं असेल.”

“आणि पायातलं पाणी?”

“तेही तिचंच.”

टकटक्या तिच्याकडे वळला. “म्हणजे मी तपासलं कुणाला, ताई?”

दोघंही हसले. लेक बऱ्याच दिवसांनी हसली. मग तो घराला वळसा घालून मागे गेला, मागोमाग लेक; गटाराच्या बाजूला खाली बसला, पायाच्या दगडांवरची माती बोटाने काढली. बोट ओलं झालं. पायात पाणी घराच्याही होतं.

त्याने कचेरीत फोन लावला. कचेरीतल्या माणसाला कमी ऐकू येत असावं, कारण टकटक्या ओरडून बोलत होता.

“हां, उरलेलं आयुष्य घे लिहून. सात! सात वर्षं. आरामात. अरे वय झालंय, पायात पाणी आहे, पण गाडा ओढेल अजून. नाही नाही, मोठं काम काही काढायचं नाही. आता छेडायला गेलो तर जागच्या जागी ढासळेल. आहे तसं राहू दे, सात कुठे गेली नाहीत!”

फोन खिशात टाकून तो हळू आवाजात म्हणाला, “बँकेचं साधं आहे, ताई. घर कर्जापेक्षा जास्त जगलं पाहिजे. तुमचं कर्ज लहान आहे, सातात बसतं. आता आजींची सही तेवढी घ्या.”

लेकीने त्याचे आभार मानले. दोनदा मानले. तो गेल्यावर तिने वर पाहिलं. डोक्यावरच आईच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. शहरभरच्या खिडक्यांना पडदे शिवून देणाऱ्या लेकीच्या घरात त्या खिडकीला पडदा नव्हता.

आत आई उभी होती. उभी! भिंतीला धरून, पण स्वतःहून.

“चहा टाक,” ती म्हणाली. “साखर घालून.”

“आई, साखर…”

“अगं घाल. सात वर्षं काय फिका चहा पीत बसू?”

लेक स्वयंपाकघरात गेली. आई तिच्या मागोमाग आली, पाटावर टेकली आणि तिची टकळी सुरू झाली. “असा डॉक्टर असतो का आजकाल? भिंतीसुद्धा वाजवून बघितल्या त्याने. ओल छातीला वाईट ना, म्हणून. तुमचा तो मोठा डॉक्टर, त्याने कधी विचारलं, घरात ओल आहे का म्हणून? कापायचं म्हणतो मेला. आणि हा काय म्हणाला ऐकलंस ना? मोठं काम काढायचं नाही. छेडायचं नाही. सात आरामात!”

“ऐकलं.”

“मला वाटलं होतं, पुढची थंडी बघते की नाही. खरं सांगते. रात्री पाय वर घेऊन झोपायचे आणि मोजत बसायचे, कोणती भांडी कुणाला द्यायची. सात म्हणजे किती होतात गं! सात वर्षांत तूच कंटाळशील मला.”

पुढची थंडी. मोठ्या डॉक्टरांनी इस्पितळाच्या जिन्यात, आवाज खाली आणून, लेकीला नेमकं हेच सांगितलं होतं. शस्त्रक्रिया झाली नाही तर पुढची थंडी त्या काढतील असं मला वाटत नाही.

लेकीने चहा गाळता गाळता वाक्यं जुळवून पाहिली.

आई, तो डॉक्टर नव्हता.

(मग कोण होता? इथेच अडलं.)

आई, तो डॉक्टर होता, पण चुकला.

(मग भिंती वाजवणारा चांगला डॉक्टर चुकला आणि जिन्यात कुजबुजणारा बरोबर, हे आईला कसं पटवणार?)

आई, सात घराची आहेत.

हे एकच वाक्य खरं होतं. पण सांगितलं तर घर गहाण पडतंय हे कळणार, आणि आई सही करणार नाही. नाही सांगितलं तर आई सात वर्षांवर भरवसा टाकून बसणार, आणि सही करणार नाही. दोन्हीकडून दार एकाच जागी आपटत होतं. फरक एवढाच, की एका बाजूला आई हसत होती.

आईने चहा फुर्रकन ओढला. मग डब्यातली काल उरलेली पोळी काढली, चहात बुडवली आणि खाल्ली. दुसरी मागितली. कित्येक आठवड्यांत तिने काही मागून खाल्लं नव्हतं. ओठांच्या कडेला लागलेला चहा तिने पदराने पुसला आणि म्हणाली, “फक्कड झालाय आज तुझा चहा.”

नाही सांगावंसं वाटलं. अजिबात नाही. पण जिन्यातला आवाज कानात होता, आणि लेक शेवटी लेक होती. ती आईसमोर खाली बसली.

“आई, तो बँकेचा माणूस होता. घर तपासायला आला होता. तुझ्या शस्त्रक्रियेसाठी घरावर कर्ज काढायचंय. सात वर्षं तो घराची म्हणाला.”

आईने पोळीचा तुकडा बशीत ठेवला. ती रागावली नाही. लेकीने रागाची तयारी केली होती, ताट सारण्याची केली होती, रडारडीचीही केली होती. आई फक्त भिंतीकडे बघत राहिली, जिथे टकटक्याच्या मुठीने पोपडा निघाला होता. मघाशी वर सारलेली बाही तिने हळूहळू मनगटापर्यंत ओढून घेतली.

“म्हणजे सात घराची.”

“हो.”

“आणि माझी?”

आता सांगायचं. थंडी, जिना, डॉक्टर, सगळं सांगायचं, हात धरायचा आणि सही मागायची. एवढ्यासाठीच तर तोंड उघडलं होतं. लेकीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. ओठांच्या कडेला अजून एक पोळीचा कण होता.

“तेवढीच,” ती म्हणाली.

आईने मान डोलावली. तिला ते पटलं, की लेकीला ते बोलावं लागलं हे कळलं, ते चेहऱ्यावरून समजलं नाही. तिने बशीतला तुकडा परत उचलला.

“मग सोपं आहे,” ती म्हणाली. “दोघांनाही छेडायचं नाही.”

शस्त्रक्रियेची तारीख लेकीने आधीच घेऊन ठेवली होती. मंगळवारची. आईची सही अजून बाकी होती.