पलीकडचा धक्का

मास्तर होडी चालवायला शिकताहेत ही बातमी गावभर व्हायला एक सकाळ पुरली. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. अर्ध्या गावाला गाडी त्यांनीच शिकवलेली, आणि उरलेलं अर्धं गाव त्यांच्या विद्यार्थ्यांच्या धाकाने भिंतीला चिकटून चालायचं. अशा माणसाने पन्नाशीला टेकल्यावर शिडाच्या होडीत बसावं, तेही वारा पिसाळलेला असताना, म्हणजे लोकांना बोलायला आयताच विषय.

कारण साधं होतं. बायको. ती नर्स, आणि तिची बदली समोरच्या बेटावरच्या इस्पितळात झालेली. एरवी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ती फेरीबोटीने घरी यायची. पण वाऱ्याचे दिवस लागले की फेरीबोट बंद, आणि मग आठवडेच्या आठवडे ती तिकडे नि मास्तर इकडे. फोन होता, नाही असं नाही. जेवलात का, गॅस बंद केला का, एवढं त्यावर होऊन जायचं. ठेवल्यावर मात्र घर आणखीच मोठं वाटायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बेट दिसायचं, इस्पितळाची पांढरी भिंतही दिसायची, आणि दिसायची म्हणूनच जीव जास्त तुटायचा. मास्तर सवयीने दोन कप चहा टाकत. दुसराही स्वतःच पीत, आणि पित्त झालं की बायकोलाच फोन करून औषध विचारत.

वारा नसला तर फेरीबोट आहेच. तेव्हा होडी शिकायची तर वाऱ्यातच, हा हिशेब मास्तरांनी एकट्याने मांडला आणि धाकट्या मेहुणीपुढे ठेवला. ही मेहुणी बंदरातल्या क्लबात पोरांना शिडाच्या होड्या चालवायला शिकवायची.

"ताई मला कच्चं खाईल," ती म्हणाली.

"मग तूच मला तुमच्या मोटरबोटीतून नेऊन सोड."

"ती शिकणाऱ्यांच्या मागे धावायला ठेवलीय, भाऊजी. सवारी नेली तर माझी नोकरी जाईल."

"आणि मी शिकणाराच असलो तर?"

मेहुणीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. हा माणूस दिसतो तितका भोळा नाही, हे तिला लग्नाच्या मांडवातच कळलं होतं. "तर मागे यावंच लागेल," ती म्हणाली. "पण आधी शिका. मी हो म्हणेपर्यंत पलीकडचं नाव काढायचं नाही."

शिकणं सोपं गेलं नाही. मास्तरांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक होता. अख्खं आयुष्य त्या ब्रेकवर पाय ठेवून गेलेलं. समोर म्हैस आली, दाब. विद्यार्थ्याने डोळे मिटले, दाब. आता वाऱ्याचा झोत येऊन होडी कलली की त्यांचा उजवा पाय आपोआप दाणकन तळावर आपटायचा. पाय ताणला की अंग आत ओढलं जायचं, शिडाचा दोर मुठीत आणखी आवळला जायचा, आणि होडी निवांत आडवी व्हायची. मास्तर पाण्यात.

"काय दाबताय?" मेहुणी मोटरबोटीतून ओरडायची.

"काही नाही."

"तळाला भोक पाडाल."

धक्क्याच्या कठड्यावर त्यांचे जुने विद्यार्थी शेंगदाणे खात बसलेले असायचे. "मास्तर, इंडिकेटर द्या," एक जण म्हणायचा. "आधी आरशात बघा," दुसरा. मास्तर नाकातलं पाणी शिंकरत उलटी होडी सरळ करायचे आणि पुन्हा चढायचे. हसणाऱ्यांकडे बघायला त्यांना फुरसत नव्हती. तोंड वळलंच तर बेटाकडे वळायचं.

शेवटी मेहुणीच त्यांच्या होडीत येऊन बसली. तळाशी होडीच्या लांबीने एक जाड पट्टा लावलेला असतो, तो तिने दाखवला. "दोन्ही पाय याच्याखाली अडकवा. आता पाय दाबायचा नाही, वर ओढायचा. आणि पाठ बाहेर टाका, पाण्यावर. ज्या अंगाने वारा येतो त्या अंगाला."

"आणि झोत आला तर?"

"दोर सैल सोडा. शीड फडफडेल, होडी सावरेल. मग हळूच पुन्हा ओढा. घाबरून आत आलात की संपलं."

पट्ट्याखाली अडकलेल्या पायाला दाबायला काही उरलं नाही. मास्तरांनी डोळे मिटून पाठ बाहेर टाकली, आणि पहिल्यांदाच होडी आडवी न होता सुसाट पुढे गेली. त्या दिवशी कठड्यावर कुणी काही बोललं नाही. शेंगदाणे तेवढे संपले.

मग एकदा मेहुणी हो म्हणाली. "मी मागे आहेच. पण एक ऐका. तिथल्या धक्क्याच्या भिंतीवर लाटांचा फेस चढताना दिसला, तर वळायचं. होडीचा चुरा होईल आणि तुमचाही. आणि मी खूण करण्याची वाट बघायची नाही. वळणं तुमचं तुम्हाला जमलं, तरच शिकलात म्हणेन."

मास्तरांनी बायकोला फोन केला. "दुपारी धक्क्यावर ये."

"फेरी सुरू झाली?"

"नाही."

"वेडेपणा करू नका," ती म्हणाली, आणि मग हळू आवाजात, "किती वाजता येऊ?"

मास्तरांनी दाढी घोटून केली. लाइफ जॅकेटखाली इस्त्रीचा शर्ट घातला, जो बंदराबाहेर पडताच चिंब झाला. वारा आडवा होता. झोतामागून झोत येत होते, मास्तर दोर सोडत होते, ओढत होते, पाठ पाण्यावर टेकवत होते. बेट मोठं होत गेलं. इस्पितळाच्या खिडक्या वेगळ्या दिसायला लागल्या, मग धक्का, मग धक्क्यावर एकटीच उभी असलेली निळ्या गणवेशातली बाई. तिच्या उभं राहण्याची ढब त्यांनी कोसावरून ओळखली असती.

आणि तेव्हाच भिंतीवर फेस चढला. एकदा चढला, ओसरला, पुन्हा त्याहून वर चढला.

मास्तरांनी मागे पाहिलं. मेहुणी मोटरबोटीत नुसती उभी होती. पुढे बायको दोन्ही हात हलवत होती. घरातून निघताना दारातून परत पाठवून कुलूप ओढून बघायला लावणारी ती बाई; परत जा म्हणत असणार, दुसरं काय. तिचा चेहरा दिसेल एवढं अंतर उरलं होतं. आणखी थोडं, फक्त थोडं, असं त्यांना वाटलं, आणि इतक्या जोराने वाटलं की स्वतःचीच भीती वाटली. त्यांनी सुकाणू फिरवलं. होडीचं नाक वाऱ्यात गेलं, शीड डोक्यावरून पलीकडे आलं, मास्तर दुसऱ्या अंगाला सरकले, आणि होडी घराकडे निघाली. इतकं स्वच्छ वळण त्यांना आजवर कधी साधलं नव्हतं. मेहुणीने अंगठा वर केला. मास्तरांना तो बघवला नाही.

बंदरात होडी वर ओढताना मास्तरांचा फोन वाजला. मेहुणीने तो आपल्याजवळच्या, पाणी न शिरणाऱ्या पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिला आणि ती दोर गुंडाळायला दूर गेली.

"पोचलात?"

"पोचलो. तू परत जा म्हणत होतीस, दिसलं मला."

पलीकडून नुसता वारा ऐकू आला. ती अजून धक्क्यावरच होती.

"परत जा नव्हते म्हणत," ती म्हणाली. "बोलवत होते. लाटा दिसत होत्या मला, भिंत दिसत होती. तरी बोलवत होते."

मास्तर होडीच्या काठावर बसले.

"बरं झालं वळलात," तिचा आवाज फाटला. "पण आता फोन ठेवू नका."

त्यांनी ठेवला नाही. एका कानात तिकडचा वारा होता आणि दुसऱ्यात इकडचा, आणि मास्तर ओल्या शर्टात तसेच बसून राहिले.