पाणी सूनबाई देतील

फोनवर पहिला प्रश्न कोणता येणार, हे मला रिसीव्हर उचलायच्या आधीच कळतं. "बाई कुठल्या आहेत?" मी गाव सांगते. मग पलीकडचा माणूस घसा खाकरतो आणि म्हणतो, "तसं नाही हो, आडनाव काय?" आईला कूस बदलता येत नाही, पाठीची सालटी निघालीत, पण चिरंजीवांना आधी आडनाव हवं.

बावीस वर्षं मी नर्सची नोकरी केली. कंबर बोलायला लागली तेव्हा ती सोडली आणि शरणपूर रोडला एका खोलीत ब्युरो उघडला. घरोघरच्या आजाऱ्यांकडे, म्हाताऱ्यांकडे मी बायका पाठवते. तेव्हापासून नाशिकच्या सुशिक्षित लोकांची अक्कल रोज दहा ते सहा ऐकत बसते. बाई दुपारी झोपेल का? आमचा संडास वापरेल का? टीव्ही लावून बसली तर? वडिलांकडे नुसतं बघायचं तर आहे, मग जाता जाता चार पोळ्या लाटायला काय हरकत आहे? म्हातारं माणूस उचलायचं कसं हे तिला येतं का, असं विचारणारा चार वर्षांत एकच भेटला, आणि तो ओझरच्या कारखान्यात वजनं उचलणारा होता.

नव्व्याण्णव सालच्या एप्रिलात शौनक आणि मृण्मयी हे जोडपं आलं. दोघंही नोकरीला, राहायला पंचवटीत नव्या बिल्डिंगमध्ये. शौनकच्या वडिलांचं, ढुंढिराजअण्णांचं, गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, पिढीजात उपाध्येपण. अर्धांगवायूच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. गिळता मात्र येत होतं आणि समजत सगळं होतं. शौनकनं खिशातून कागद काढला. प्रश्न लिहून आणले होते, नंबर घालून. शिकलेला माणूस!

अकरावा प्रश्न झाल्यावर त्यानं बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "अण्णांचं सोवळं फार कडक आहे हो. बाईंनी स्वयंपाकघरात यायचं नाही. जेवण आणि पाणी मी स्वतः देते. सकाळी निघण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर."

"आणि मधे?"

"मधे केळं चालेल," शौनक म्हणाला. "राजगिऱ्याचा लाडू चालेल. त्याला दोष नाही."

"केळं सोलणार कोण?"

"तेवढं चालतं," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

हाच माणूस कॉलेज रोडला गाडीवर पाणीपुरी खाताना गाडीवाल्याचं आडनाव विचारत नसणार. आणि ज्या म्हाताऱ्याच्या नावावर हे सोवळं चाललं होतं, त्यानं जन्मभर गावोगावच्या हर जातीच्या यजमानाच्या ओंजळीत पळीनं गंगा ओतली होती. हे सगळं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या महिन्यात माझ्या पाच बायका कामाविना बसून होत्या, आणि असल्या अटींना मी सरावले होते. एका घरात तर बाईच्या खुर्चीवर रोज वर्तमानपत्र अंथरत आणि संध्याकाळी ते फेकून देत. म्हटलं, चार दिवसांत यांचं यांनाच जड होईल. फॉर्मवर लिहिलं: पाणी सूनबाई देतील.

पाठवली साळूबाईला. मखमलाबादची, माळ्याची, नवरा वारलेला, भाजीचा मळा दिरांच्या ताब्यात. हाताची हलकी आणि शब्दाची पक्की. निघताना मी तिला बजावलं, "घरच्यांच्या अटी मोडायच्या नाहीत. तक्रार आली की ब्युरोचं नाव जातं." ती "बरं बाई" म्हणाली.

सहाव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "बाई, बाबा लय मलूल झालेत. हाका मारल्या तरी डोळं उघडंनात."

मी रिक्षानं गेले. घरी ती आणि अण्णा दोघंच. अण्णांचं अंग तापलेलं, जीभ कोरडी ठक्क. मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. भांड्यात चमचाभर लघवी होती, कोऱ्या चहाच्या रंगाची. बघण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं.

"पाणी किती दिलंस?" मी विचारलं.

"म्या कसं देनार? तुमीच सांगितलं व्हतं. वैनी सकाळी एक पेला पाजत्यात, सांजच्याला एक. सारखी लघवी नको म्हनून जास्ती नाय देत."

"त्यांनी मागितलं नाही?"

"मागत व्हते ना. डावा हात उचलून सैपाकघराकडं दावायचे. रोज. मी म्हनायची, बाबा, सूनबाई येऊ द्या." ती तिथंच जमिनीवर बसली. "मळ्यावरून जानाऱ्या वाटसरूलाबी आमी पानी इचारतो, बाई."

मला तिचा राग आला. क्षणभरच, पण आला. एप्रिलच्या उन्हात माणूस पाणी मागतंय आणि ही सूनबाईची वाट बघत बसली. मग आठवलं, तिला वाट बघायला सांगणारी मीच.

मी स्वयंपाकघरात शिरून माठात पेला बुडवला. अण्णांचे ओठ ओले केले, पण गिळायचं भान त्यांना राहिलं नव्हतं. शेजाऱ्यांना हाक मारून दवाखान्यात हलवलं. तिथल्या नर्सनं शीर शोधली, सलाईन लावलं. ऑफिसातून धावत आलेल्या मुलानं आणि सुनेनं तिचं आडनाव विचारलं नाही. बाटलीतलं पाणी कुणी भरलं, याचीही चौकशी केली नाही. सुई टोचली की विटाळ उतरत असावा.

शौनक मात्र माझ्यावर भडकला. "तुमच्या बाईला एवढी साधी अक्कल नको? माणूस तहानलंय हे दिसत नाही?"

"दिसत होतं. तुमची अट होती."

"अटीचा असा अर्थ असतो का?"

"मग कसा असतो?" मी म्हटलं. "तुमच्या कागदावर नंबर घातले होते. बाराव्या प्रश्नात विचारायचं, मधे तहान लागली तर काय करायचं."

मृण्मयी रडायला लागली. "अण्णांनाच चाललं नसतं हो," ती म्हणत होती. अण्णांना कुणी विचारलं होतं का, असं मी तिचं बोलणं तोडून विचारलं. तिनं डोळे पुसले आणि नवऱ्याकडे पाहिलं. हे तिथंच संपलं असतं तर मला बरं वाटलं असतं, कारण दोषी समोर उभे होते. पण त्या फॉर्मवरचं अक्षर माझं होतं, आणि नर्सिंगचं सर्टिफिकेट यांच्याकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. तहानेनं म्हातारं माणूस किती दिवसांत जातं, हे आम्हा तिघांत फक्त मला माहीत होतं, आणि तेही पहिल्याच दिवसापासून.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी डोळे उघडले. तोंडानं पाणी द्यायला हरकत नाही, असं डॉक्टर सांगून गेले. स्टुलावर तांब्या-पेला होता आणि सगळ्यांत जवळ साळूबाई. अण्णांनी डावा हात उचलला, तो तिच्याकडेच.

"द्या हो साळूबाई, द्या," शौनक घाईनं म्हणाला. सोवळ्याचं आता कुणी नावही काढत नव्हतं.

साळूबाईनं दोन्ही हात पाठीमागे घेतले होते. तिनं शौनककडे पाहिलं नाही, मृण्मयीकडेही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"बाई," तिनं विचारलं, "देऊ का?"

शरमेनं माझ्या तोंडून 'दे' हा एवढासा शब्द बाहेर यायलाही वेळ लागला, आणि तेवढा वेळ म्हातारा तहानलेलाच राहिला.