खिशातलं औषध

चाळीस वर्षं मधाच्या पेट्या सांभाळणाऱ्या तिच्या नवऱ्याला एकच माशी चावली आणि अर्ध्या तासात सगळं आटोपलं. आधीच्या खेपेला चेहरा सुजला होता, तेव्हाच डॉक्टरांनी इंजेक्शन कायम खिशात ठेवायला बजावलं होतं. थोरल्या दिरांनी ते हसण्यावारी नेलं. "मधवाल्याच्या खिशात माशीचं औषध? लोक तोंडात शेण घालतील." नवरा भावाच्या शब्दाबाहेर नव्हता.

आता पेट्या दीरच बघत होते आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हार्ट अटॅक सांगत होते. आज तिनं त्यांचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात कोरं करकरीत इंजेक्शन. ती तशीच बाहेरच्या खोलीत गेली आणि पाहुण्यांदेखत ते त्यांच्यापुढे ठेवलं.

"भाऊजी, तुमचं हार्ट अटॅकचं औषध खिशात राहिलं होतं."